लाल खिळ्याला आज काय?

१९ जानेवारी. मागच्या दाराजवळच्या भिंतीतले खिळे उपटायचे आहेत. तुमच्या पेटीतली मोठी पक्कड घेतली, स्टूल भिंतीशी ओढलं, आणि त्यावर चढायचं सोडून बसले आणि हे लिहायला घेतलं. मागच्या अंगणात शैलाताई वाळत घातलेली सुपारी हलवताहेत. तुमच्या बहिणीचा हात कधी रिकामा नसतो. रंगाचा डबाही त्यांनीच आणून ठेवलाय. फिकट पिवळा. "भिंत येकदा सारखी झाली की तुलापण बरं वाटंल," म्हणाल्या.

तुमचा चौदावा परवा झाला. त्या दिवसांत जो भेटायला आला, त्याने चहाचा कप हातात घेऊन आधी या भिंतीकडे पाहिलं. म्हसळ्याच्या मामांनी तर विचारलंच, "हे भंगार कशाला टांगलंय?" ताईंना लाज वाटली. त्यांनी सगळं उतरवून बादलीत भरलं आणि बादली मोरीत ठेवली. आता भिंतीवर नुसते खिळे आहेत आणि त्यांच्याखाली तुम्ही लाँचच्या उरलेल्या निळ्या रंगाने काढलेले आकार. बाटलीचा, पळीचा, बोयाचा. वस्तू गेल्या, त्यांच्या जागा राहिल्या. यावर जास्त बोलत नाही. तुम्हाला असलं बोलणं आवडायचं नाही आणि मला ते जमत नाही.

मुद्दा वेगळा आहे. केतकी मला पुण्याला ने‌ते म्हणते. आपली लेक तुमच्यासारखीच आधी कामं बोटांवर मोजते आणि मग बोलते. "आई, पाहुण्यांच्या खोल्या, त्यांचं जेवण, सरबताच्या ऑर्डरी, सुपारी. बाबा होते तेव्हा रोज सकाळी तुला आधी काय ते सांगायला माणूस होतं. आता कोण सांगणार?"

"मला सांगायला लागत नाही. दाखवायला लागतं."

"तेच ते."

"तेच नाही."

शेवटी पुण्याला परत जाताना तिने गाडीत बसून अट घातली. "परवा पाटणकर येताहेत ना? त्यांचं सगळं नीट झालं तर मी तोंड मिटेन. नाहीतर वाडी अर्धेलीने कसायला द्यायची, खोल्यांना कुलूप, आणि तू माझ्याकडे." मी बरं म्हटलं. पाटणकरांना नको म्हणून कळवावं असं सगळ्यांचं मत होतं. मी कळवलं नाही. तुम्ही घेतलेलं बुकिंग आहे, ते तुम्ही मोडलं नसतंत. केतकी गेली त्याच संध्याकाळी ताईंनी रंग आणला. म्हणजे त्यांनी निकाल आधीच लावलाय.

तुम्हाला ती फळी आठवते का? गणपतीतली. उकड काढून परातीत घेतली होती, हाताला तेल लावलं होतं, आता मळायची. नारळ आणायला कोठीत गेले तर कडी कुरकुरली. कडीला तेल घालायला बाटली काढली तर फळी चिकट. फळी रिकामी केली, पुसली, डबे घासले, कागद बदलले. तुम्ही आरतीला घरी आलात तेव्हा फळी चकाचक होती आणि उकडीचा दगड झाला होता. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. तुम्ही उकड बोटाने दाबून पाहिलीत आणि म्हणालात, "फळी झकास झालीय. यंदा फळीलाच नैवेद्य दाखवू." सगळे हसले. मीही हसले. पण मला खरोखर कळत नव्हतं, की मी तासभर मर मर काम केलं आणि तरी काम कसं झालं नाही.

ते कळायला पन्नाशी जवळ यावी लागली. केतकीने पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी खूप प्रश्न विचारले, केतकीला माझ्याबद्दल विचारलं, तुम्हालाही विचारलं. एडीएचडी म्हणाल्या. मग साध्या मराठीत सांगितलं. काम येत नाही असं नाही. आधी कुठलं हे डोकं ठरवत नाही, सगळी कामं सारख्याच आवाजात ओरडतात. जे दिसत नाही ते नसल्यासारखंच होतं. आणि सगळंच एकदम दिसलं तर हातपाय गळतात. गोळी दिली, ती मी घेते. शिवाय कामं डोळ्यांसमोर राहतील असं काहीतरी करा, म्हणाल्या.

येताना एसटीत तुम्ही ताम्हिणी घाट उतरेपर्यंत तिकिटं बोटाभोवती गुंडाळत होतात. मग म्हणालात, "म्हणजे आळस नाही."

"नाही."

"वेडही नाही."

"नाही."

"मग टायमिंग आहे. इंजिन चांगलं आहे, टायमिंग बसवायला पाहिजे."

आयुष्यभर दिघीच्या खाडीत लाँचची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं? त्याहून चांगलं मला त्यानंतर कुणी समजावून सांगितलेलं नाही. ताईंनी मात्र ऐकून नाक मुरडलं, "आमच्या येळेला असलं काय न्हवतं." तुम्ही म्हणालात, "होतं, ताई. तेव्हा त्याला शिव्या होत्या."

याद्या मी पूर्वीही करायचे. यादी लिहिली की निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं आणि कागद पिठाच्या डब्यावर राहायचा. फोनवर घंटा लावून पाहिल्या. घंटा बंद केली की काम संपलं. तुमचं म्हणणं, अक्षर डोक्यात शिरत नसेल तर वस्तू शिरेल. तुमच्या गॅरेजमध्ये पाने भिंतीला टांगलेले असायचे, कुठला पाना हातात घ्यायचा ते वाचून कळत नसे, दिसायचं. एका रविवारी तुम्ही हातोडी घेऊन इथे उभे राहिलात.

मधोमध, माझ्या डोळ्यांच्या उंचीला एक खिळा. त्याला लाल रंग. त्याच्याखाली एक ओळ, आजच्या कामांची. बाकी सगळं खालच्या टोपलीत, टोपलीवर जुना टॉवेल, म्हणजे ते डोळ्यांसमोर येऊन ओरडणार नाही. कोकमाची रिकामी बाटली म्हणजे सरबत भरायचं. सिलिंडरचं पांढरं टोपण म्हणजे गॅस सांगायचा. उडालेला बल्ब म्हणजे विजेचं बिल. उशीचा अभ्रा म्हणजे खोल्या लावायच्या. पळी म्हणजे पाहुण्यांचं जेवण. सालासकट एक मोठी सुपारी सुतळीला बांधलेली, म्हणजे अंगणातली सुपारी हलवायची. आणि जाळ्याचा नारिंगी बोया म्हणजे दिघीच्या धक्क्यावर पाहुणे आणायला जायचं.

लाल खिळ्याला एकच वस्तू. मी सुरुवातीला वाद घातला, दोन लावू, वेळ वाचेल. तुम्ही मला वाडीत घेऊन गेलात. पाटाचं पाणी चालू होतं. एका आळ्याकडे जाणारं तोंड उघडं, बाकीची तोंडं चिखल आणि पोफळीच्या झावळीचे बुंधे लावून बंद केलेली. तुम्ही फावड्याने आणखी दोन तोंडं उघडलीत. पाणी तिन्हीकडे पसरलं आणि एकाही आळ्यात पोचलं नाही. "पाणी एकीकडेच," म्हणालात, आणि फावडं माझ्या हातात दिलंत, तोंडं बंद करायला.

चाललं. मला वाटलं नव्हतं, पण चाललं. सकाळी मी चहाला उठायच्या आधी तुम्ही लाल खिळ्याला वस्तू लावलेली असायची. मी यायचे, बघायचे, ते काम करायचे, वस्तू टोपलीत टाकायचे, खालच्या ओळीतली पुढची वर लावायचे. एकदा तिथे कंगवा होता. मी विचारलं, "हे कसलं काम?" तुम्ही वर्तमानपत्रामागून म्हणालात, "आधी अंघोळ. पाहुणे अकराला येताहेत आणि तू भूत दिसत्येस." त्या दिवशी तुमच्याशी जेवणापर्यंत बोलले नव्हते. अंघोळ मात्र केली.

मग पाटणकरांचं प्रकरण झालं. ते मुरूडकडून येतात, आगरदांड्याहून फेरीत बसतात आणि दिघीला उतरतात. गाडी नसते, म्हणून आपण न्यायला जायचं. बोया लाल खिळ्याला होता. पण वरच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्यांच्या नातवाला तो आवडला आणि तो बोया घेऊन समुद्रावर गेला. मी आले, खिळा रिकामा. म्हणजे काम झालेलं. मी निवांत घावणे घालत बसले. पाटणकर मंडळी दिघीच्या धक्क्यावर सामानावर बसून. शेवटी फेरीवाल्याने तुम्हाला फोन केला, "तुमची माणसं हितं सुकट झाली."

आपण धावत गेलो. पाटणकरकाका तेव्हापासून दर वर्षी फोनवर तेच विचारतात, "यंदा येणार ना न्यायला? का सुकटीचं बुकिंग करू?" मला वाटलं तुम्ही भिंतीचा नाद सोडाल. तुम्ही घरी येऊन ब्रश शोधलात आणि प्रत्येक वस्तूमागे तिचा आकार रंगवलात. लाल खिळ्याला जे लागेल ते तिथून उचललेलं असणार, म्हणजे खाली तिचा आकार उघडा दिसणार. "असलेलं दिसतं तसं नसलेलंही दिसलं पाहिजे," म्हणालात. वस्तू लाल खिळ्यालाही नाही, टोपलीतही नाही आणि आकार रिकामा, म्हणजे कुणीतरी पळवली. त्यानंतर चूक झाली नाही.

एवढं सगळं चांगलं बोलून झालं. आता दुसरं.

तुम्हाला ते लावणं फार आवडायला लागलं होतं. मी दोनदा म्हटलं, मी स्वतः लावून बघते. तुम्ही म्हणालात, "तुला निवडता येत नाही, म्हणून तर हे केलं." ते अर्धंच खरं होतं. मला निवडायला वेळ लागतो. तुम्हाला तेवढं थांबवत नव्हतं. मदत आणि मुकादमी यांत फारसं अंतर नसतं आणि तुम्ही कधी या बाजूला, कधी त्या बाजूला असायचात. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, म्हणून आता मागे बोलते असं नाही. तुम्ही कसं निवडता तेवढं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "सोपं आहे. आज कोण ताटकळणार, एवढंच बघायचं. सुपारी ताटकळत नाही. माणूस ताटकळतो."

आणि मग दिवाळीनंतरचं. जिना चढताना तुम्ही मधेच थांबायला लागलात. इथल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागद काढून पाहिला आणि मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या म्हणाले, लवकर. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि लाल खिळ्याला लावला. पहिल्यांदाच मी माझ्या हाताने लावलेली वस्तू. तुम्ही ती काढलीत.

"ही भिंत तुझी. माझं डोकं शाबूत आहे. माझ्या लक्षात आहे."

"लक्षात आहे तर कधी जायचं?"

"सुपारी उतरू दे."

"सुपारी ताटकळत नाही, तुम्हीच म्हणता."

"बरोबर. आणि माझ्यासाठी तरी कोण ताटकळलंय?"

तेवढ्यात दारात पाहुणे आले, पिशवी कपाटात गेली आणि बोलणं तिथेच राहिलं. नंतर मी दोन-तीनदा काढलं. तुम्ही दर वेळी हसण्यावारी नेलंत. सगळ्या घराची कामं क्रमाने लावणाऱ्या माणसाने स्वतःचं काम कुठल्याच ओळीत ठेवलं नाही. विसरलात असं नाही. विसरला असतात तर मी समजू शकले असते, विसरणं मला चांगलं माहीत आहे. तुम्ही ते बघून मागे टाकलंत. सुपारी उतरली. गडी सुपारीची शेवटची शिपुटं पोफळीवरून खाली घेत होता आणि तुम्ही पाटाजवळ बसलात ते बसलातच.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे चौदा दिवस कुणाला सांगता येत नव्हतं, कारण येणारा प्रत्येक जण "देवमाणूस होता" म्हणून सुरुवात करायचा. होतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही ऐकून घ्यायला हवं होतं. कोण ताटकळलंय म्हणे. मी ताटकळले होते. आणखी कोण असणार?

मघाशी खालच्या ओळीतला टोकाचा खिळा उपटला. त्याच्याबरोबर मूठभर गिलावा आला. तेवढ्यात ताई अंगणातून आत यायला निघाल्या आणि पायरीवर बसल्या. एक हात छातीवर.

"काय झालं, ताई?"

"काय न्हाय गो. वाडीतून चढून आलं की दम लागतो. वय झालं."

"कधीपासून?"

"तू खिळे काढ बघू." आणि कमरेची मिसरीची डबी काढून दातांना लावत बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. मी पक्कड पेटीत ठेवली. आज आणखी खिळे निघणार नाहीत. उरलेलं उद्या लिहीन.

२० जानेवारी, दुपार.

सकाळी चहाला उठले आणि सवयीने भिंतीकडे बघितलं. लाल खिळा रिकामा. मोरीतून बादली आणली आणि सगळं ओट्यावर ओतलं. बाटली, टोपण, बल्ब, अभ्रा, पळी, सुपारी, बोया. सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. खोल्या लावायच्या होत्या. गॅस संपत आलेला. रात्री दव पडतं म्हणून सुपारी झाकली होती ती उघडायची होती. बिलाची तारीख आज की उद्या तेही आठवेना. माझा हात कडीतेलाच्या बाटलीकडे गेला होता, खरं सांगते. मागच्या दाराची कडी कुरकुरते आहे.

मग मोठ्याने विचारलं, "आज कोण ताटकळणार?" तुमच्याच आवाजात. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून बरं.

बोया लाल खिळ्याला लावला. अभ्रा आणि पळी खालच्या ओळीत. बाकी सगळं टोपलीत, वरून टॉवेल. वेळ लागला. चहा निवला. पण लावलं.

ताई उठून आल्या. भिंतीकडे पाहिलं, रंगाच्या डब्याकडे पाहिलं. "आणि सुपारी कोण उघडणार?"

"सुपारी ताटकळत नाही. ऊन वर आलं की उघडू."

दिघीला मी फेरीच्या आधी पोचले. फेरी धक्क्याला लागली, पाटणकरकाका उतरले, मला पाहिलं आणि त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. काकूंनी माझा हात धरला. मग मीच म्हटलं, "काका, यंदा सुकट नाही. मीच वाळत उभी आहे." तेव्हा कुठे ते हसले आणि मग डोळे पुसले. गाडीत तुमच्याबद्दल बोलले. मी ऐकत गाडी चालवली.

घरी येऊन बोया टोपलीत टाकला. अभ्रा वर लावला, खोल्या लावून दिल्या, अभ्रा टोपलीत. पाहुणे पोहे खाऊन समुद्रावर गेले. केतकीला फोन केला. "आले?" तिने विचारलं. "आले, खाल्लं, फिरायला गेले." तिने तिकडे बोटांवर मोजलं असणार. मग म्हणाली, "बरं. तोंड मिटते." तुमची लेक आहे, शब्द पाळेल.

जेवणाची पळी वर लावायची बारी होती. मी हात वर नेला आणि थांबले. ताई पुन्हा पायरीवर बसल्या होत्या, सुपारी उघडून आलेल्या, त्याच जागी, हात त्याच ठिकाणी. मिसरीची डबी शेजारी ठेवलेली. मी जाऊन ती उचलली, सुतळीचा फास घातला आणि लाल खिळ्याला अडकवली.

"गो! माझी डबी!"

"मिळेल. आधी डॉक्टर."

"कसला डाक्टर? मला काय झालंय? सुपारी पडलीय, पावण्यांचं जेवण पडलंय..."

"पाहुणे पोहे खाऊन गेलेत. आमटी, मासे परत आल्यावर करते. सुपारीला काही होत नाही."

"आन माझ्यापायी कोन खोळंबलंय गो?"

तुमच्याच घराण्याचं वाक्य. या वेळी दारात पाहुणे नव्हते.

"मी," म्हटलं. "मी खोळंबलेय. उठा."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग डबीकडे. मग भिंतीला हात टेकून उठल्या आणि पदर नीट केला. त्यांच्या चपला मी दाराशी आणून ठेवल्या, रंगाचा डबा उचलून कोठीत ढकलला आणि गाडीची चावी घेतली. डबी खिळ्यालाच ठेवली आणि आम्ही निघालो.